घरपट्टीवर उभे राहिलेले एक हायस्कूल

अध्यापक विद्यालयात शिकत असताना ‘डाल्टन योजना’ आणि ‘विनेटका योजना’ यांवर टीपा लिहिण्याचा प्रसंग आपणांपैकी बहुतेकांवर आला असेल. माझ्यावरही तो आला होता. विनेटका हे कोणा शिक्षणशास्त्रज्ञाचे नाव असावे, अशी माझी त्या वेळी समजूत होती आणि टीपेस पूर्ण गुण मिळाल्यामुळे ती पुढे कित्येक वर्षे टिकली. वस्तुतः विनेटका हे एक गाव आहे. अमेरिकेतील शिकागो शहराच्या उत्तरेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर, मिशिगन सरोवराच्या काठी ते वसले आहे. तेथील प्राथमिक शाळांचे अधीक्षक कार्लटन वॉशबर्न यांनी १९१९ ते १९४३ या काळात जी अध्यापनपद्धती राबविली, तिला गावाचे नाव पडले. मुलाने आपल्या गतीने शिकावे, अंकगणिताचा वा वाचनाचा एक टप्पा पुरा झाला की आपली उत्तरे आपणच पडताळून पुढील टप्प्यास जावे आणि दिवसाचा उरलेला भाग सर्वांनी मिळून करावयाच्या उपक्रमांस द्यावा, असे तिचे स्थूल रूप होते.

त्या प्राथमिक शाळांतून बाहेर पडलेली मुले चौदाव्या वर्षी ज्या शाळेत जातात, तिच्याविषयी मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत काही नसते. त्या शाळेचे नाव न्यू ट्रायर टाउनशिप हायस्कूल. तिची हकीकत प्राथमिक शिक्षकांच्या पुस्तिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. गावच्या शाळेचा खर्च कोणी द्यावा, लहान शाळा एकत्र कराव्यात की करू नयेत, आणि मुलांची संख्या वाढली म्हणजे प्रत्येक मुलाकडे लक्ष कसे पुरवावे, हे तिन्ही प्रश्न आपल्या नित्याच्या चर्चेतले आहेत. त्या शाळेच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीत ते तिन्ही आले असून त्यांतील एकाचे उत्तर उत्तम, एकाचे समंजस आणि एकाचे फार अन्यायाचे मिळालेले आहे.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करून घेऊ. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की भरमसाट शुल्काची खाजगी शाळा डोळ्यांपुढे उभी राहते. हा अर्थ आपण इंग्लंडकडून घेतला. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ अक्षरशः सार्वजनिक शाळा असा आहे. लोकांच्या करातून चालणारी, हद्दीतील मुलांना शुल्क न घेता शिकविणारी आणि लोकांनी निवडून दिलेल्या शाळा मंडळाच्या ताब्यात असलेली ती शाळा होय. असे पहिले सार्वजनिक हायस्कूल बोस्टन येथे १८२१ साली निघाले. प्राथमिक शिक्षणासाठी कर घेता येतो, हे सर्वमान्य होते. परंतु हायस्कुलासाठी तो घेता येईल काय, हा वाद पुढेही चालू राहिला आणि मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७४ साली कलमझू गावच्या प्रकरणात तसा कर घेणे वैध ठरविल्यावर अशा शाळांची वाट खुली झाली.

दुसरा शब्द उपनगर. शहराच्या कडेला दाटीने वाढलेली वस्ती असा अर्थ येथे घेऊ नये. शिकागोपासून उत्तरेकडे सरोवराच्या काठाने रेल्वे गेली आणि १८७१ च्या भीषण आगीत शिकागोचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतर व्यापारी, वकील, पेढीवाले अशी सुस्थितीतील कुटुंबे शहरात नोकरी-धंदा आणि गावात घर अशा बेताने या रेल्वेमार्गावरील खेड्यांत राहावयास आली. मोठमोठी झाडे, प्रशस्त घरे आणि सकाळच्या गाडीने शहराकडे जाणारे गृहस्थ, असे त्या गावांचे रूप झाले. त्याआधी तेथे जर्मनीतील ट्रायर परगण्यातून आलेले शेतकरी होते आणि त्यांच्यामुळेच १८५० साली त्या तालुकावजा भागास ‘न्यू ट्रायर’ हे नाव मिळाले.

विल्मेट, केनिलवर्थ, विनेटका, ग्लेन्को अशी ही गावे. प्रत्येकाची प्राथमिक शाळा होती, हायस्कूल मात्र कोणाचेच नव्हते. आणि एकट्या गावाच्या मुलांवर व पैशावर ते चालणेही कठीण होते. तेव्हा १८९९ साली त्या भागातील मतदारांनी कौल देऊन सर्वांचे मिळून एक हायस्कूल काढण्याचे ठरविले आणि १९०१ च्या प्रारंभी विनेटका येथे शाळा उघडली. पहिल्या तुकडीत शंभर मुलेदेखील नव्हती.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. गावे एकत्र आली ती केवळ हायस्कुलापुरती. प्राथमिक शाळा ज्या त्या गावातच राहिल्या, त्यांची मंडळे निराळी राहिली, त्यांचा करही निराळा राहिला. आज सव्वाशे वर्षांनंतरसुद्धा त्या एका हायस्कुलाच्या हद्दीत सहा स्वतंत्र प्राथमिक शाळा मंडळे आहेत आणि त्यांतील काही अगदी लहान आहेत. खर्चाचा हिशेब मांडून ती एकत्र करावीत, असे सुचविणारे तेथेही वेळोवेळी निघतात. परंतु सहा वर्षांचे मूल चालत शाळेस जावे आणि चौदा वर्षांच्या मुलाने दूर जाण्यास हरकत नाही, असा भेद त्या गावांनी पहिल्यापासून मनात धरला आणि तो अद्याप सोडलेला नाही.

आपल्या राज्यात २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर केवढी अस्वस्थता पसरली, ते आपण पाहिले आहे. मी शासनसेवेतील मनुष्य आहे आणि धोरणावर मतप्रदर्शन करणे हे या पुस्तिकेचे काम नव्हे. तरीही बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ याखालील आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी अंतरे जी घातली आहेत, त्यांमागेही वयाचा हाच भेद आहे, एवढे येथे नमूद करतो.

शाळा पुढे झपाट्याने वाढली. व्यायामशाळा, पोहण्याचा बंदिस्त तलाव, भोजनगृह, नाट्यगृह, वाद्यवृंद, मुलांनी चालविलेले नभोवाणी केंद्र, हे सारे क्रमाने आले. चार्लटन हेस्टन आणि रॉक हडसन हे चित्रपट-अभिनेते, तसेच पुढे दोनदा संरक्षणमंत्री झालेले डोनाल्ड रम्सफेल्ड हे तिचे माजी विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांची संख्या इतकी फुगली की नॉर्थफील्ड येथे १९६५ साली दुसरी इमारत उघडावी लागली. पुढे जन्मप्रमाण घटले, पट उतरला आणि १९८० च्या दशकात ती बंद झाली. इतक्या संपन्न भागातील शाळेलाही कमी पटाचा फटका बसतो, हे वाचून मला क्षणभर दिलासाच वाटला! पण मंडळाने ती वास्तू विकून टाकली नाही. पट पुन्हा वाढला तेव्हा २००१ सालापासून नववीचा संपूर्ण वर्ग त्या इमारतीत भरू लागला. आज दोन्ही ठिकाणी मिळून चार हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात.

चार हजार मुलांत एखादे मूल हरवून जाणे किती सोपे! या प्रश्नास त्या शाळेने जे उत्तर शोधले, ते मला तिच्या तलावाहून आणि नाट्यगृहाहून मोलाचे वाटते. १९२० च्या दशकात तेथे सल्लागार शिक्षकांची व्यवस्था सुरू झाली आणि ती आजतागायत अखंड चालू आहे. नववीत आलेल्या मुलांचे सुमारे पंचवीस-पंचवीसांचे गट करतात. परंपरेने मुलांचे गट निराळे आणि मुलींचे निराळे असत. प्रत्येक गटास एक शिक्षक नेमून देतात. हा शिक्षक इतर सर्वांप्रमाणे गणित वा इतिहास शिकविणाराच असतो. मात्र या गटाच्या कामासाठी त्याच्या वेळापत्रकात जागा राखून ठेवलेली असते. गट रोज सकाळी वीस-पंचवीस मिनिटे त्याच्यापाशी जमतो. तेथे पाठ नसतो, परीक्षा नसते. सूचना वाचल्या जातात, कोणाचे काय अडले त्याची विचारपूस होते, कधी नुसत्या गप्पा होतात. मुलाच्या सर्व विषयांच्या गुणांचे पत्रक याच शिक्षकाच्या हातून त्यास मिळते. पुढील वर्षी कोणते विषय घ्यावेत, हे तो मुलाशी व पालकांशी बोलून ठरवितो. महत्त्वाचा भाग पुढेच आहे. वर्ग बदलतो, विषय बदलतात, विषयशिक्षक बदलतात. पण हा एक शिक्षक बारावीपर्यंत चारही वर्षे तोच राहतो. पहिल्या वर्षी त्याने आपल्या गटातील प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन यावे, अशीही तेथील दीर्घकाळची रीत आहे.

यांत विशेष ते काय, असे द्विशिक्षकी शाळेतील माझे बंधु-भगिनी म्हणतील. आपल्या शाळेत तर पहिलीपासून चौथीपर्यंत एकच गुरुजी किंवा बाई त्या मुलांना पाहत असतात. घरे माहीत असतात, घरातील माणसेही माहीत असतात. हे खरे आहे, आणि जे आपल्याकडे आपसूक घडते ते त्या लोकांना योजनापूर्वक उभारावे लागले, हेही खरे आहे. परंतु आपसूक घडते असे आपण मानतो, तेव्हा ते पुष्कळदा घडलेले नसते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षातील माझाच अनुभव सांगतो.

चौथीतील एक मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर शाळेस आला नाही. त्या गावातून बरीच कुटुंबे ऊसतोडीस जात. हाही गेला असणार असे मी धरून चाललो आणि हजेरीपत्रकात ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारून मोकळा झालो. मार्च महिन्यात वार्षिक परीक्षेच्या यादीसाठी चौकशी केली, तेव्हा कळले की मुलगा गावातच होता. आई अंथरुणास खिळलेली, वडील परगावी मजुरीस. हा धाकट्या बहिणीस सांभाळून शेळ्या राखीत होता. त्याचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होते. मी रोज त्या बोळाच्या तोंडावरून सायकलने जात-येत असे. बहिणीस बरोबर घेऊन ये, एवढे सांगितले असते तरी तो आला असता. मागाहून तो तसाच आलाही, पण वर्ष गेलेले होते. न्यू ट्रायरमधील सल्लागार शिक्षकाच्या त्या पहिल्या गृहभेटीविषयी वाचताना मला तो बोळ आठवतो.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत नटांहून आणि मंत्र्यांहून मला अधिक आठवणीत राहिलेला एक मुलगा आहे. त्याचे नाव जॅक स्टाइनबर्गर. जर्मनीतील बाड किसिंगेन गावी १९२१ साली एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील प्रार्थनामंदिरात गायन व धर्मशिक्षण करीत. हिटलरची सत्ता आल्यावर ज्यू मुलांना शिक्षणाची वाटच उरली नाही. अमेरिकेतील ज्यू सेवाभावी संस्थांनी काही मुलांना आपल्याकडे नेण्याची योजना केली, तीत हा तेरा वर्षांचा मुलगा आपल्या भावासह १९३४ साली निघाला. धान्याचा व्यापार करणाऱ्या विनेटका भागातील एका गृहस्थाने त्यास आपल्या घरी ठेवून घेतले, आणि त्या घराचा पत्ता हाच त्याचा न्यू ट्रायरमधील प्रवेशाचा हक्क ठरला. त्याच गृहस्थाच्या साहाय्याने १९३८ साली आई-वडील व धाकटा भाऊ हेही जर्मनीतून सुखरूप सुटले.

पुढील वाट सोपी नव्हती. शिष्यवृत्ती संपल्यामुळे त्यास मधेच शिक्षण सोडावे लागले. दिवसा औषधांच्या प्रयोगशाळेत उपकरणे धुवावीत आणि रात्रीच्या वर्गांत शिकावे, असे करून त्याने रसायनशास्त्राची पदवी मिळविली. पुढे तो भौतिकशास्त्राकडे वळला आणि न्यूट्रिनो या सूक्ष्म कणाचे दोन भिन्न प्रकार आहेत हे दाखविणाऱ्या प्रयोगासाठी १९८८ साली दोघा सहकाऱ्यांसह त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. ते पदक त्याने ना आपल्या विद्यापीठास दिले, ना घरी ठेवले. ते त्याने न्यू ट्रायर हायस्कुलास दिले. स्टाइनबर्गर २०२० साली निवर्तला. विद्यापीठांची व संशोधनसंस्थांची नावे पाठीशी असताना त्या वृद्ध शास्त्रज्ञास आपल्या हायस्कुलाची आठवण व्हावी, यातच त्या शाळेने परक्या देशातील परक्या भाषेच्या मुलास काय दिले असेल, ते दिसते.

परंतु ‘घराचा पत्ता हाच हक्क’ हे वाक्य मी वर सहज लिहून गेलो, त्यापाशी थांबले पाहिजे. या शाळेचा मोठा दोष तेथेच दडलेला आहे.

अमेरिकेत सार्वजनिक शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ताकरातून, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीतून येतो. इलिनॉय राज्यात, आणि त्यातही न्यू ट्रायरसारख्या भागात, तो वाटा फारच मोठा आहे. घर व जागा यांची किंमत ठरवितात आणि त्यावर कर बसतो. कराच्या बिलात प्राथमिक शाळा मंडळाची रक्कम निराळी व हायस्कुलाची निराळी छापलेली असते. आपल्या पैशाचे काय होते, हे लोकांना घरबसल्या समजते आणि म्हणून ते शाळेच्या सभांना जातात, भांडतात, मत देतात. नव्या बांधकामासाठी सुमारे १७ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज काढण्याची योजना २०१० साली मतदारांनी फेटाळली. मंडळाने ती छाटून सुमारे ८ कोटी ९० लाखांवर आणली, तेव्हा २०१४ साली तीस संमती मिळाली. लोकांची शाळा असे जे आपण भाषणांत म्हणतो, ते तेथे मतपेटीत उतरते. हा गुण मोठा आहे.

दोष समजून घेण्यास थोडे अंकगणित लागेल. कल्पना करा की दोन गावे आहेत व दोन्हीकडे शाळेत जाणारी हजार-हजार मुले आहेत. पहिल्या गावातील सर्व घरांची मिळून किंमत १०० कोटी, दुसऱ्यातील १० कोटी. पहिल्या गावाने शेकडा २ दराने शाळेसाठी घरपट्टी बसविली, तर २ कोटी जमतील आणि दर मुलामागे २० हजार येतील. दुसरे गाव मुलांसाठी अधिक कळकळीचे आहे असे समजा. त्याने शेकडा ५, म्हणजे अडीचपट दर लावला. तरी जमतील ५० लाख, दर मुलामागे ५ हजार. गरिबाने अधिक सोसूनही त्याच्या मुलाच्या वाट्यास चौथा हिस्सा येतो. शिवाय शाळा चांगली म्हणून त्या गावातील घरांच्या किमती चढतात, किमती चढल्या की कमी उत्पन्नाची माणसे तेथे घर घेऊ शकत नाहीत, आणि शाळा अधिकच संपन्न होत जाते. शुल्क घेतले जात नाही. परंतु शाळेच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी जे घर घ्यावे लागते, त्याच्या किमतीत शुल्क वसूल झालेलेच असते.

हे कोणाच्या लक्षात आले नाही असे नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९६१ साली झोपडपट्ट्या व उपनगरे यांतील शाळांची तुलना करणारे पुस्तक लिहिले. संपन्न उपनगरात दर विद्यार्थ्यामागे वर्षास हजार डॉलरपर्यंत खर्च होतो आणि मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत त्याच्या निम्माही होत नाही, असे त्यांनी दाखविले. पैशाखेरीज वर्णाचीही भिंत होती. कृष्णवर्णीयांना या गावांत घर विकावयाचे नाही, असा घर-दलालांचा परिपाठ होता. त्याविरुद्ध चाललेल्या चळवळीत मार्टिन ल्यूथर किंग यांनी २५ जुलै १९६५ रोजी विनेटका गावच्या हिरवळीवर हजारोंच्या समुदायापुढे भाषण केले. शाळेची दुसरी इमारत उघडली ते हेच वर्ष. पुढे १९७३ साली टेक्सास राज्यातील एका प्रकरणात, घरपट्टीमुळे शाळांच्या खर्चात पडणारी तफावत संघराज्याच्या घटनेचा भंग करीत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्या घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून कोठे सांगितलेला नाही, हे त्यामागील एक कारण. जोनाथन कोझोल या शिक्षक-लेखकाने १९९१ साली आपल्या पुस्तकात शिकागोतील गरीब वस्तीच्या शाळा व न्यू ट्रायर यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा या शाळेचे नाव देशभर विषमतेचे उदाहरण म्हणून घेतले जाऊ लागले.

२ सप्टेंबर २००८ हा शिकागोच्या सार्वजनिक शाळा उघडण्याचा दिवस. त्या दिवशी हजाराहून अधिक मुले आपल्या शाळेत गेली नाहीत. पाद्री व राज्य विधिमंडळाचे सदस्य जेम्स मीक्स यांच्या नेतृत्वाखाली ती पालकांसह बसगाड्यांत बसून न्यू ट्रायरच्या नॉर्थफील्ड येथील इमारतीत आली आणि त्यांनी प्रवेशाचे अर्ज भरले. त्या वेळी न्यू ट्रायर दर विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे १७ हजार डॉलर खर्च करीत होते, शिकागोच्या शाळा सुमारे १० हजार. शाळेच्या अधिकाऱ्यांनी त्यांचे सभ्यपणे स्वागत केले, मेजे मांडली, अर्ज दिले, अर्ज घेतले. प्रवेश मिळणार नाही हे दोन्ही पक्षांस ठाऊक होते, कारण एकाही मुलाचे घर हद्दीत नव्हते. सायंकाळपूर्वी गाड्या परत गेल्या.

चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी हिटलरच्या देशातून आलेल्या मुलास जी शाळा मिळाली, ती पंचवीस-तीस किलोमीटरवरील मुलांना मिळाली नाही. यात त्या शिक्षकांचा दोष नाही, हे मी मुद्दाम लिहितो; त्यांनी नियम केलेला नव्हता. इलिनॉय राज्याने २०१७ साली अनुदानाचा कायदा बदलला आणि ज्या शाळा मंडळांना गरजेच्या मानाने सर्वांत कमी पैसा मिळतो, त्यांना नव्या रकमेतून आधी द्यावे असे ठरविले. अंतर त्याने मिटले नाही, पण दिशा बदलली.

आपली व्यवस्था या बाबतीत निराळी आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हापासून गावच्या शिक्षकाचा पगार गावच्या घरपट्टीवर अवलंबून नाही. तो राज्याच्या तिजोरीतून येतो. डोंगरातील पाड्यावरच्या आणि बागायती गावातील शिक्षकास एकच वेतनश्रेणी लागू आहे. याची आपणांस इतकी सवय झाली आहे की त्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही. परंतु कर कोणी भरावयाचा आणि शिकावयाचे कोणी, हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी हेच मांडले होते की सरकारचा वसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील त्याचा लाभ वरच्या वर्गांना होतो. २००२ साली घटनेत २१-अ हे कलम घालून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरविण्यात आला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अंमलात आला. अमेरिकेच्या संघराज्याच्या घटनेत जे नाही, ते आपल्या घटनेत आहे.

मात्र आपल्या बाजूचेही सांगितले पाहिजे. घरपट्टीतून शाळा चालत नाही म्हणून गावाचे शाळेशी असलेले नातेही सैल झाले आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्त तपासताना सर्व सह्या एकाच शाईच्या आणि कित्येकदा एकाच वळणाच्या आढळतात. न्यू ट्रायरचा नागरिक आपल्या बिलावरील आकडा पाहून सभेस जातो; आपल्या पालकास शाळेवर किती खर्च होतो, हे कोणी सांगितलेलेच नसते. पुढील सभेत शाळेचे वेतनाखेरीजचे वर्षाचे अनुदान, त्यातून आणलेल्या वस्तू व त्यांच्या किमती एका फळ्यावर लिहून ठेवाव्यात, अशी माझी सूचना आहे. त्यास परवानगी लागत नाही.

सल्लागार शिक्षकाच्या पद्धतीचा प्रयोग आपल्या तालुक्यातील सातवी-आठवीचे वर्ग असलेल्या शाळांतून करून पाहण्यासारखा आहे. कारण तेथे विषयवार शिक्षक येतात आणि मूल प्रथमच अनेकांचे, म्हणजे कोणाचेच नाही, असे होऊन बसते. परिपाठानंतरची दहा मिनिटे राखून ठेवावीत. पाचवीत किंवा सहावीत आलेली मुले शाळेतील सर्व शिक्षकांत वाटून घ्यावीत, मुख्याध्यापकांनीही आपला गट घ्यावा आणि आठवीपर्यंत गट बदलू नये. साधी शंभर पानी वही पुरे. प्रत्येक मुलास दोन पाने. पहिल्या पानावर घरी गेल्याचा दिनांक, घरात भेटलेली माणसे आणि मूल शाळेबाहेर काय काम करते, त्याची नोंद. ही वही तपासणीसाठी मागविली जाणार नाही आणि ती कोणत्याही संकेतस्थळावर भरावयाची नाही, हे मी येथे स्पष्ट करतो. ज्या शिक्षकांनी दिवाळीपूर्वी आपल्या गटातील निम्म्या घरांना भेटी दिल्या असतील, त्यांनी दिवाळीनंतरच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत येताना ती वही बरोबर आणावी. त्या दिवशी दुपारच्या सत्रात दुसरा विषय ठेवलेला नाही.